एक माहितीपट, दोन खेळ

२०१३ च्या फेब्रुवारीत आमच्या चित्रपट मंडळाने मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाचे दोन खेळ केले. पहिला खेळ शनिवारी दुपारी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात झाला आणि दुसरा पुढच्या शनिवारी रात्री वस्तीत, बुद्ध विहारासमोरच्या अंगणात झाला. प्रत तीच होती, प्रोजेक्टर तोच होता आणि प्रास्ताविक करणाराही मीच होतो. नंतर मंडळाच्या वहीत अहवाल लिहिताना मी महाविद्यालयातील खेळाला चार पाने दिली आणि विहारातील खेळाविषयी ‘उपस्थिती चांगली, चर्चा फारशी झाली नाही’ एवढे एकच वाक्य लिहिले. ते वाक्य चुकीचे होते. ते कसे चुकले हे तपासण्यासाठी मी हे प्रकरण पुन्हा मांडत आहे, कारण वादग्रस्त चित्रपटाला प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद आपण कोठे शोधतो आणि कशाला प्रतिसाद म्हणतो, हे मला त्या एका वाक्यामुळे कळले.

चित्रपटाचा विषय थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली रहिवाशांना दिसली. संतापलेले लोक वस्तीलगतच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले, राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने केलेल्या गोळीबारात दहा माणसे मरण पावली. त्या वेळी राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवून देणार होता, तसे झाले असते तर अनर्थ ओढवला असता, असे समर्थन पोलिसांकडून पुढे आले. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या घरात गळफास घेतला. आयुष्याचा मोठा काळ डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायलेल्या या शाहिराने मरताना कपाळाला निळे फडके बांधले होते. पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे यांचे गाणे होते, त्यामुळे हा मृत्यू दिग्दर्शकाच्याही ओळखीच्या माणसाचा होता. त्यांनी चित्रीकरण सुरू केले आणि ते चौदा वर्षे चालले. त्यातून तयार झालेला, तीन तासांच्या आसपास चालणारा हा चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला. गोळीबार, न्यायालयातील रखडलेली लढाई, खैरलांजी, शाहिरी जलसे आणि पुण्याच्या कबीर कला मंचातील तरुण गायकगायिका असा त्याचा पट आहे. मुंबईत त्याचा खेळ २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला होता. ही बातमी वाचूनच आम्ही वस्तीतही खेळ करण्याचे ठरवले.

महाविद्यालयात शंभराच्या आसपास प्रेक्षक होते. पुढच्या रांगांत प्राध्यापक, गावातील काही वकील, व्यापारी आणि निवृत्त मंडळी बसली, तर मागे विद्यार्थी होते आणि त्यातही अगदी शेवटच्या दोन रांगांत मागासवर्गीय वसतिगृहातील मुले होती. ही बैठक कोणी ठरवली नव्हती, ती आपोआप तशी झाली होती. पहिला तास सभागृह शांत होते. मग मुंबईतील सुस्थितीतील माणसे आरक्षणाविषयी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या गर्दीविषयी मोकळेपणाने बोलतात तो भाग आला आणि सभागृहात हसू फुटले. मी बाजूला उभा राहून वहीत ‘हशा’ असे लिहिले. वास्तविक तेथे दोन हशे होते. पुढच्या काही रांगांतला हशा आपल्या मनातले कोणीतरी पडद्यावर बोलले याचा होता, आणि मागचा हशा त्या बोलणाऱ्याला होता. काही क्षणांतच दोन्ही बाजूंना दुसऱ्या हशाचा अर्थ कळला असावा, कारण दोन्ही एकदम थांबले आणि त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत सभागृहात कोणीही हसले नाही.

मध्यंतरात चहा घेऊन जवळपास एक तृतीयांश माणसे निघून गेली. उरलेल्यांची चर्चा पाऊण तास चालली. ‘एकांगी’ हा शब्द अनेकदा आला. एका प्राध्यापकांनी विचारले की सोळा वर्षांपूर्वीची जखम आता उकरून काय साधायचे आहे. एका वकिलांनी दिग्दर्शकाने शासनाची बाजू पुरेशी घेतली नाही असा आक्षेप नोंदवला. त्यावर मागून एका विद्यार्थ्याने, शासनाची बाजू सोळा वर्षे वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयातून येतच होती, असे उत्तर दिले. हे सारे अपेक्षित होते. मात्र एका निवृत्त पोलीस हवालदारांनी केलेला हस्तक्षेप वेगळा होता आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. चित्रपटात पोलिसांचा टँकरविषयीचा दावा आणि उपलब्ध चित्रफीत शेजारी ठेवून तपासली आहे. हवालदारांनी तो भाग पुन्हा दाखवण्याची विनंती केली. आम्ही चित्रपट मागे नेला. त्यांनी उभे राहून, चष्मा पुसून तो भाग पाहिला आणि म्हणाले, “जमाव अंगावर येतो तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. पण टँकर इतका लांब असेल तर टँकरचं कारण सांगायला नको होतं.” पोलिसांविषयीचे त्यांचे एकूण मत बदलले असे मी म्हणणार नाही, कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी दगडफेकीचा निषेध केला. तरीही संपूर्ण चर्चेत चित्रपटातील पुराव्याकडे पुरावा म्हणून पाहणारे ते एकटेच होते. बाकी सर्वांनी, बाजूने असोत वा विरोधात, चित्रपटाच्या हेतूवर मते दिली.

त्याच चर्चेत एक विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली, ध्वनिक्षेपक तिच्या हातात पोहोचला, तिने दोन शब्द उच्चारले आणि ती खाली बसली. नंतर फाटकाशी मला गाठून ती म्हणाली, “सर, मला त्या हसण्याबद्दल बोलायचं होतं. पण हसलेले सर समोरच बसले होते.” हे मी वहीत लिहिले नाही, कारण ते चर्चेत बोलले गेले नव्हते.

पुढच्या शनिवारी विहारासमोर पडदा म्हणून दोन पांढऱ्या चादरी शिवून बांबूला ताणल्या होत्या आणि ध्वनिवर्धक जयंती मंडळाचे होते. सतरंज्या, पोती, घरातून आणलेल्या गोधड्या अशा मिळेल त्यावर माणसे बसली. स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या, महाविद्यालयात त्या मोजक्याच होत्या. त्रिशरण-पंचशील झाले आणि नऊच्या सुमारास चित्रपट सुरू झाला. वारा सुटला की पडद्यावरची माणसे हलत. येथे शांतता नव्हती. प्रेक्षक पडद्याशी बोलत होते, चौक ओळखत होते, मुंबईला राहून आलेली माणसे बाकीच्यांना ‘हा घाटकोपरचा रस्ता’ असे सांगत होती, आणि गाणे सुरू झाले की आया मुलांना गप्प करत. शेवटी ‘जयभीम’ आले की अंगणातून उत्तरादाखल ‘जयभीम’ येई.

घोगरे यांच्या मृत्यूचा भाग संपत आला असताना वीज गेली. मी घाबरलो. तीन तासांचा चित्रपट, रात्रीची वेळ, त्यात अंधार, त्यामुळे खेळ मोडला असेच मला वाटले. मी आणि आमचा एक सहकारी जनित्राच्या शोधात निघालो, ते मिळाले नाही, आणि परत येईपर्यंत अंगणातून एकही माणूस उठला नव्हता. महिला मंडळाच्या तीन-चार जणी गात होत्या. भीमजयंतीला वर्षानुवर्षे म्हटले जाणारे ते गीत होते, पण त्यांनी त्यात घोगरे यांचे नाव घातले होते आणि ध्रुवपदाला सगळ्या जणी साथ देत होत्या. एकीने पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला होता. गाणे संपल्यावर साठीच्या पुढची एक बाई बोलू लागली, आणि ती घाटकोपरविषयी बोलत नव्हती.

ती १९७८ विषयी बोलत होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ती तेव्हा नवी नवरी होती. आरडाओरडा ऐकून घरातली माणसे शेताकडे पळाली, तेव्हा तिच्या हाताशी भाकरीचे मळलेले पीठ होते. ती परातीसकट पळाली आणि वाढत्या ज्वारीत रात्रभर बसली. “सकाळी पीठ आंबलं हुतं,” ती म्हणाली, “पण टाकलं न्हाई. तेच थापलं.” अंधारात कोणी तरी विचारले की घर राहिले होते का. ती म्हणाली, भिंती होत्या. मग दुसऱ्या एका बाईने आपल्या सासरच्या गावाचे सांगितले, तिसरीने आपल्या भावाचे. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, म्हणजे त्या रात्रीनंतर साडेपंधरा वर्षांनी. तेथे बसलेल्या तरुण मुलींनी यातील बरेच काही पहिल्यांदाच ऐकले, हे त्यांच्या प्रश्नांवरून समजत होते. चाळीस मिनिटांनी वीज आली आणि चित्रपट पुढे सुरू झाला.

मी वहीत लिहिले होते: ‘व्यत्यय ४० मिनिटे, वीजपुरवठा खंडित.’

चित्रपट संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि लहान मुले झोपली होती. मी रीतीप्रमाणे ध्वनिक्षेपक पुढे केला आणि तीन पुरुष बोलले. ज्याला आम्ही मंडळाच्या भाषेत चर्चा म्हणतो ती एवढीच झाली, पण ती महाविद्यालयातल्यापेक्षा फार खोलवर गेली, आणि तिच्यात फूट होती. वस्तीतला प्रतिसाद एकमुखी असतो अशी एक भाबडी समजूत बाहेरच्या माणसांत असते. ती माझ्यातही होती. पहिले बोलणारे शिक्षक होते आणि त्यांचा आक्षेप चित्रपटाच्या नावालाच होता. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ हे शब्द शेजारी ठेवताच येणार नाहीत, असे ते म्हणाले. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम पंधरवडा आधी, बाबासाहेबांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली होती आणि हिंसेचा व हुकूमशाहीचा मार्ग नाकारून बुद्धाचा मार्ग निवडला होता, हे त्यांनी तारखेसह सांगितले. घोगरे यांना डाव्या संघटनेतून दूर केले गेले, आणि शेवटी त्यांनी कपाळाला निळे फडकेच बांधले, तेव्हा निकाल त्यांनीच दिला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यांना उत्तर देणारे गृहस्थ १९८२ च्या संपानंतर मुंबईची गिरणी सोडून गावी परतलेले कामगार होते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपाची गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकलेली होती. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. “तवा निळा न् लाल एकाच मैदानात बसला हुता,” असे ते म्हणाले. यावर शिक्षकांनी विचारले, त्याच गिरणीत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत होते का? कामगार काही क्षण गप्प राहिले. तुटलेला धागा तोंडात धरून ओला करावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ दिले जात नसे, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. “न्हाई घेत,” ते म्हणाले. वाद तेथे मिटला नाही. मला तो मिटावा असे वाटलेही नाही, कारण चित्रपटाचा मध्यच त्या दोन वाक्यांमधल्या जागेत आहे.

तिसरे बोलणारे रिपब्लिकन पक्षाचे कार्यकर्ते होते आणि ते रागावलेले होते. २०११ मध्ये रामदास आठवले यांचा पक्ष शिवसेना-भाजप युतीसोबत गेलेला होता आणि ज्यांच्या राजवटीत गोळीबार झाला त्यांच्याशी हातमिळवणी हा प्रश्न त्या अंगणात कोणी न विचारताही उभा होता. खाली रस्त्यावर काम करणाऱ्याला निधी लागतो, रस्ता लागतो, विहाराला कुंपण लागते, ते काय गाण्याने मिळते का, असे त्यांनी विचारले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी त्यांना बसवलेही नाही. विहाराचे कुंपण त्यांच्याच प्रयत्नांनी झालेले होते.

यानंतर मागून दोन प्रश्न आले आणि दोन्ही स्त्रियांचे होते. पहिला प्रश्न कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांच्याविषयी होता. “ही गाणारी पोरगी आता कुठंय?” मंचातील काहींना २०११ च्या मे महिन्यात अटक झाल्यानंतर, नक्षलवादी असल्याच्या आरोपामुळे बाकीचे कलाकार भूमिगत झाले होते. हे मी सांगितले. ऐकणाऱ्या बायकांत कुजबुज झाली आणि एकीने तिच्या आईविषयी विचारले. दुसरा प्रश्न होता, “गोळ्या घालायला लावल्या त्याला शिक्षा झाली का?” या प्रश्नाचे उत्तर लांब होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. त्यानंतर खटला वर्षानुवर्षे रखडला आणि गोळीबार झाला तेव्हा तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पण पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. मी हे सर्व क्रमाने, शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितले. विहाराच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझे बोलणे संपल्यावर शेजाऱ्याला विचारले, “म्हंजी घरीच हाय का?” शेजारी म्हणाला, “घरीच.” माझ्या पाच मिनिटांच्या निवेदनाचा त्यांनी काढलेला अर्थ एका शब्दाचा होता आणि तो बरोबर होता.

आता दोन खेळ शेजारी ठेवून पाहिले तर माझी चूक कोणती होती हे स्पष्ट होते. वहीत तीन रकाने होते: उपस्थिती, चर्चेतील वक्ते, प्रमुख मुद्दे. ही आखणी महाविद्यालयासारख्या जागेसाठी केलेली आहे. चित्रपट हे एक विधान आहे, ते ऐकून घ्यावे, मग हात वर करून आपण सहमत की असहमत ते सांगावे, अशी तिची धारणा आहे. जो प्रेक्षक चित्रपटाकडे तपासण्याजोगा दावा म्हणून पाहतो त्याचा प्रतिसाद त्या रकान्यांत बसतो. विहारातल्या माणसांसमोर दावा नव्हता. पुतळ्याची विटंबना, गोळी, उशिरा येणारा न्याय, हे त्यांना पटवून देण्याची गरज नव्हती. त्यांना ते पडद्यावर नोंदलेले दिसत होते आणि त्या नोंदीत आपली नोंद जोडण्याची त्यांची इच्छा होती. १९७८ ची रात्र सांगणारी बाई चित्रपटावर मत देत नव्हती, ती साक्ष देत होती. गाण्यात घोगरे यांचे नाव घालणाऱ्या बायका शोकसभा घेत होत्या. यातले काहीही ध्वनिक्षेपकावर झाले नाही, म्हणून मी ते प्रतिसाद म्हणून मोजले नाही. महाविद्यालयात त्या विद्यार्थिनीचे बोलणेही याच कारणाने वहीबाहेर राहिले. तिच्या हातात ध्वनिक्षेपक होता, आणि त्यामुळेच ती बोलू शकली नाही.

यावरून चर्चा नकोच असा निष्कर्ष मी काढत नाही. हवालदारांनी टँकरचा भाग पुन्हा पाहायला लावला तो चर्चेतच, आणि शिक्षक व कामगार यांचा वादही चर्चेतच झाला. ज्या चित्रपटावरून समाज दुभंगतो तो पाहिल्यानंतर माणसांनी एकमेकांसमोर उभे राहून बोलणे मला अत्यंत मोलाचे वाटते, विशेषतः जेथे ते बोलणे बंद पाडले जाते तेथे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात याची कडवट प्रचिती आली. २० तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात याच चित्रपटाचा खेळ आणि कबीर कला मंचाचा कार्यक्रम झाल्यानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ती केली, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. ही बातमी आल्यावर आमच्या तालुक्यातील महाविद्यालयाने, दिवाळीनंतर ठरलेला आमचा पुढचा खेळ ‘सध्याची परिस्थिती पाहता’ रद्द केल्याचे कळवले. त्या चित्रपटाचा या विषयाशी संबंधही नव्हता. फेब्रुवारीतील दोन हशांपासून ही भीती फार लांब नव्हती असे मला वाटते. सभागृहात जे वेळेवर बोलले गेले नाही ते तेथेच साठून राहिले होते.

विहारात मात्र पुढे वेगळेच घडले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या संध्याकाळी मला विहारातून फोन आला. महिला मंडळाच्या बाई बोलत होत्या. पोरगी सापडली, टीव्हीवर दाखवतायत, दोन जिवांची आहे, तिला आत टाकणार का, असे त्या एका दमात विचारत होत्या. जूनअखेर उच्च न्यायालयाने शीतल साठे यांना जामीन दिला तेव्हा मी स्वतःहून फोन केला, तर त्यांना ते आधीच कळलेले होते. सचिन माळी आणि त्यांच्या साथीदारांना जामीन मिळायला २०१७ चा जानेवारी उजाडला, आणि तोपर्यंत विहारातून मला दर काही महिन्यांनी एक चौकशीचा फोन येत राहिला.

पुढे मी मंडळाच्या वहीत एक चौथा रकाना आखला आणि त्याला नाव काय द्यावे हे न सुचल्याने तो कोराच ठेवला. चित्रपट चालू असताना आणि थांबला असताना जे काही होते ते आता त्यात लिहितो: कोण हसले आणि कोठे बसून हसले, कोण उठून गेले, कोणी कोणाला काय समजावून सांगितले, बाहेर फाटकाशी काय बोलणे झाले. विहाराने त्या चित्रपटाची प्रत मागून घेतली होती. दर वर्षी ११ जुलैला तो तेथे लावला जातो. घोगरे यांच्या मृत्यूचा भाग आला की प्रोजेक्टर बंद करतात, दिवेही बंद करतात आणि बायका गायला सुरुवात करतात. वीज असली तरीही.